परत सांगा

गेल्या सोमवारी कंपनीनं मला पुन्हा एक फॉर्म पाठवला. कामाचे निरोप देण्याघेण्यासाठी नवं ॲप निवडायचं आहे, तीन ॲपं सुचवली आहेत, प्रत्येकाला शंभरपैकी गुण द्या, शुक्रवारपर्यंत. पाच वर्षांतलं हे तिसरं ॲप. चाकणच्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे पत्र्याचे भाग प्रेसवर ठोकून काढतात. तिथं मी उत्पादनाचं नियोजन बघतो. आकड्यांना पक्का माणूस अशी माझी ख्याती असल्यामुळे असले फॉर्म माझ्याकडेच येतात. मी तो उघडला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, ‘मागील ॲपच्या यशस्वी अनुभवाच्या आधारे.’

यशस्वी! मी फॉर्म बंद केला, पाणी प्यायलो, पुन्हा उघडला. शब्द तोच होता.

या यशात आबा गेले. गेले म्हणजे वारले नाहीत, ठणठणीत आहेत. त्यांना कुणी काढलंही नाही. अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर ते नियमानं निवृत्त झाले. पण ज्या तऱ्हेनं गेले, तिचा संताप मला अजून येतो. त्यातला किती संताप कुणावर यायला हवा, हे ठरवायचं मात्र मी इतके दिवस टाळत आलो.

आबा आमच्या देखभाल विभागाचे प्रमुख. महाळुंग्याच्या पुढच्या एका गावचे, आयटीआयचे फिटर म्हणून लागलेले आणि त्याच कारखान्यात वर चढलेले. अंगानं किरकोळ, आवाज मात्र प्रेसच्या वर जाणारा. घड्याळ उजव्या मनगटावर, तबकडी आतल्या बाजूला. फोन जेवणाच्या डब्यात. हे मी गमतीनं लिहीत नाही. तीन पुडांचा डबा असायचा. वरच्या दोन पुडांत भाजी-भाकरी आणि खालच्या पुडात रुमालात गुंडाळलेला फोन. साडेअकराला डबा उघडला की फोन उघडायचा, जेवण संपलं की दोन्ही बंद. मी एकदा विचारलं, “आबा, मधे काही महत्त्वाचं आलं तर?”

“महत्त्वाचं आसंल तर मानूस पळत यील,” ते म्हणाले. “चालत आला तरी मी समजतो, एवढं काय न्हाई.”

कारखान्यात त्यांना पाठीमागे सगळे ‘परतसांगे’ म्हणत. नव्या लोकांना ते खरं आडनावच वाटायचं. एका प्रशिक्षणार्थीनं रजेच्या अर्जावर ‘मा. परतसांगे साहेब’ असं लिहिलं होतं. आबांनी अर्ज मंजूर केला आणि नाव तसंच ठेवलं.

नाव पडायचं कारण त्यांची एक खोड. त्यांनी काही सांगितलं की ऐकणाऱ्यानं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. त्याशिवाय ते हलत नसत, आणि समोरच्यालाही हलू देत नसत. मनगट धरून उभे राहत. “व्हय आबा”, “समजलं आबा” असलं काही चालत नसे. चौकातल्या टपरीवर आम्ही चहाला गेलो की ते म्हणायचे, “दोन चहा, येक बिनसाखरेचा. परत सांग.” एकदा नवा पोऱ्या नव्हे, खुद्द टपरीचा मालक म्हणाला, “दोन बिनसाखरेचे.” आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी आयुष्यभर मांडलेला सिद्धांत आत्ता सिद्ध झाला. “बघा राव. येवढ्या येवढ्यात!”

हा नियम ते स्वतःलाही लावत. आमच्या घरी, चिंचवडला, सत्यनारायणाला आले होते. निघताना माझी बायको म्हणाली, “आबा, पुढच्या वेळी वहिनींना घेऊनच या.” आबा दारात एका हातात चप्पल घेऊन उभे राहिले. “‘पुढच्या टायमाला वैनीला घिऊनच या.’ बरोबर?” तिला वाटलं चेष्टा आहे, ती हसली. ते हसले नाहीत. ती “बरोबर” म्हणेपर्यंत त्यांनी चप्पल जमिनीवर टाकली नाही. पुढचे आठ दिवस घरात प्रत्येक वाक्यानंतर मला “बरोबर?” ऐकून घ्यावं लागलं.

ही खोड कुठून आली याची त्यांनी चौघांना चार कारणं सांगितली होती. मी विचारपूस करून ती जमवली आहेत. एकाला सांगितलं की आयटीआयच्या मास्तरांनी लावली. एकाला, की बायकोमुळे लागली. एकाला म्हणाले, “सवय हाय. सवयीला कारान कशाला पायजे?” मला मात्र चुलत्याची गोष्ट सांगितली. चुलते गावात दवंडी द्यायचे. दर आळीला दवंडी देऊन झाली की एखाद्या म्हातारीला थांबवून विचारायचे, “आवं, काय म्हनलो मी?” तिनं बरोबर सांगितलं की पुढच्या आळीला. चुकली तर त्याच आळीत पुन्हा ढोलकं. “लोकं म्हनायची, म्हातारा येडा हाय,” आबा म्हणाले. “पन आमच्या गावात लस टोचायच्या दिशी येक घर मागं राह्यलं न्हाई.”

ते संत होते असं मला म्हणायचं नाही. फार त्रासदायक माणूस. घाईत असलेल्या माणसाला अडवण्यात त्यांना थोडा आनंदही होत असावा. शिफ्ट बदलताना जाणाऱ्यानं येणाऱ्याला मशीनची हकीगत सांगायची आणि येणाऱ्यानं ती परत सांगायची, असा प्रेसच्या ओळीवर त्यांचा शिरस्ता होता. आबा फळ्याशी उभे. चुकलं की पहिल्यापासून. रात्रभर राबलेली माणसं कातावायची.

“आबा, बस सुटंल!”

“बस दुसरी मिळती. बोट दुसरं मिळत न्हाई. सांग.”

मी तीस वेळा घड्याळ लावून मोजलं होतं. या प्रकाराला सरासरी अकरा मिनिटं लागत. दिवसाला तीन शिफ्टा, म्हणजे तेहतीस मिनिटं. हा आकडा मी वर दिला. कुणी मागितला नव्हता.

त्यानंतर सहा महिन्यांनी मागच्या ॲपची निवड झाली. तोवर कामाचे निरोप फोनवरच्या साध्या ॲपच्या चौदा ग्रुपांवर फिरत. मी एक आठवडा सगळे मोजले. अकराशे सेहेचाळीस संदेश. त्यांतले सातशे दोन सुप्रभात, वाढदिवस, देवदेवता आणि नुसते अंगठे. कामाचे चारशे चव्वेचाळीस. मोठ्या साहेबांना हा तक्ता इतका आवडला की त्यांनी समितीच नेमली. मोठे साहेब स्वतः, एचआरच्या मॅडम, हिंजवडीची नोकरी सोडून आमच्याकडे आलेला आयटीचा इंजिनिअर, मी, आणि कागदावर ‘शॉप फ्लोअरचा प्रतिनिधी’ लागतो म्हणून आबा.

गुणांचा तक्ता मी केला. अकरा निकष, शंभर गुण. खर्च किती, फाइल केवढी जाते, मराठीत लिहिता येतं का, जुना निरोप शोधता येतो का. सगळ्यात जास्त, वीस गुण, कशाला? तर निरोप कुणी वाचला हे साहेबांना दिसतं का, याला. ॲपांची नावं मी लिहीत नाही, त्यांचा काही दोष नाही. सव्वा तास चर्चा चालली. आबा गप्प होते. शेवटी मोठे साहेब म्हणाले, “आबा, तुमचं काय मत?”

“येक इच्यारू?”

“विचारा ना.”

“ह्येच्यात ‘मला समजलं न्हाई’ म्हनायचं बटन कुठं हाय?”

इंजिनिअर हसला. “आबा, त्याला बटण कशाला? खाली टाइप करायचं, समजलं नाही म्हणून.”

“कुनाम्होरं?”

“ग्रुपवर.”

“ग्रुपात किती जनं?”

“दोनशे बारा.”

“मोठं सायब हायेत त्यात?”

“आहेत ना.”

“मग तू लिव्हशील?”

इंजिनिअरनं मोठ्या साहेबांकडे पाहिलं. मोठ्या साहेबांनी आपल्या फोनकडे पाहिलं.

मॅडम समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “आबा, अंगठा दिला की समजलं, असं धरायचं. सोपं आहे हो.”

“आमच्या आज्यानं अंगठा दिला तवा सायब म्हनला, ह्येला वाचता येत न्हाई. आता अंगठा दिला की म्हनायचं, ह्येनं वाचलं. बरंय.”

सगळे हसले, मीही हसलो. समितीत हशा पिकला की मुद्दा निकालात निघाला असं धरतात. आबा तरी चिकटून राहिले. माझ्या तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, “हितं बारावी वळ घाला. वाचनाऱ्याला समजलं का.”

“आबा, ते मोजता येत नाही.”

“येतं की. अंगठा दिल्याली धा मानसं धरा, इच्यारा काय वाचलं. किती सांगत्यात ते मोजा.”

“तेवढा वेळ नाही.”

हे मी म्हणालो. वेळ होता. एक सकाळ पुरली असती. पण तक्ता पूर्ण झाला होता, बेरीज शंभर येत होती, आणि पूर्ण झालेल्या तक्त्यात कुणी ओळ घाला म्हटलं की मला आवडत नाही.

यादीतलं दुसरं ॲप त्र्याऐंशी गुण मिळवून निवडलं गेलं. त्याबरोबर एक परिपत्रक निघालं. शिफ्ट बदलतानाचं तोंडी सांगणं बंद, निरोप ॲपवर, बस वेळ झाली की सुटणार. सादरीकरणात ‘दररोज तेहतीस मिनिटांची बचत’ असं मोठ्या अक्षरांत होतं. आणि नियम असा की निरोप आला की दहा मिनिटांत अंगठा द्यायचा. महिन्याला नव्वद टक्क्यांच्या खाली गेलेल्यांची नावं सोमवारच्या बैठकीत वाचली जातील. यादी करायचं काम अर्थातच माझं.

पहिल्या महिन्यात प्रतिसाद एकसष्ट टक्के. एकशे एकोणतीस नावं वाचली गेली. माणसं मान खाली घालून उभी होती. दुसऱ्या महिन्यात एकदम अठ्ठ्याण्णव. मोठ्या साहेबांनी पेढे वाटले.

अठ्ठ्याण्णव कसे झाले ते मला माहीत होतं, कारण मी चार नंबरच्या बसला होतो.

चिंचवडहून निगडी, तळवडे करत ती बस पावणेसातला चाकणात पोचते. पहाटे उठून आलेली माणसं. आकुर्डी ओलांडायच्या आत निम्मी बस झोपलेली असते. आणि रात्रपाळीचे निरोप नेमके सहा ते सातच्या दरम्यान येतात, कारण ती माणसं तेव्हा आवरत असतात. दहा मिनिटांत अंगठा नाही दिला की टक्का घसरला. तर पेंट शॉपच्या एका परोपकारी गड्यानं तोडगा काढला. तो पहिल्या बाकावर बसायचा. मिठाईचं एक रिकामं खोकं मागून पुढे फिरायचं, आणि ज्यानं त्यानं आपला फोन त्यात टाकायचा. सगळ्यांनी फोनचं कुलूप एकच ठेवलं होतं, बसच्या नंबरावरून, चार वेळा चार. हा गडी एकेक फोन काढून अंगठे देत जायचा. “चला, अंगठा दान करा! झोपा निवांत, तुमचं पुन्य माज्याकडं!” सदतीस फोन. फाटकाशी आल्यावर खोकं परत मागे जायचं. बाकीच्या बसलाही हळूहळू असे परोपकारी निघाले.

त्या सदतिसांत माझा फोन होता. मी झोपत नसे. दिवसाचं नियोजन वहीत लिहीत असे, आणि मधे मधे फोन वाजला की आकडा चुकायचा. म्हणून टाकला खोक्यात. महिनाअखेर त्याच अंगठ्यांची बेरीज करून खाली मी सही करायचो, ‘आकडे तपासले.’

आबांचा अंगठा एकही नव्हता. सात महिन्यांत तेराशे बारा निरोप, प्रतिसाद शून्य. फोन डब्यात. परिपत्रकानंतरही ते सात वाजता प्रेसच्या ओळीशी उभे राहायचे. जाणारे आता थांबत नसत, मग येणाऱ्यांना धरायचे.

सातव्या महिन्यातल्या एका सकाळी तीन नंबरच्या प्रेसवर लातूरकडचा एक ऑपरेटर होता. चांगला कामसू माणूस, चार नंबरच्याच बसचा. मी पहिल्या तासाचा माल कोणता काढायचा ते सांगायला ओळीवर गेलो होतो. तो हातमोजे चढवत होता. आबांनी मनगट धरलं.

“रातीचा काय निरोप हाय?”

“वाचलाय की आबा. अंगठा दिलाय.”

“काय वाचलास त्ये सांग.”

“ते... गुरुवारचं हाय नव्हं? सुट्टी रद्द केल्याचं.”

“मशनीचं काय?”

“मशीनचं कायी नव्हतं बगा.” त्यानं हात सोडवून घेतला आणि प्रेस चालू केली. वरचा भाग एकदा धाडकन खाली येऊन गेला.

आबांनी लाल बटण दाबून ओळ बंद केली. त्यांनाही काही माहीत नव्हतं, हे मला नीट नोंदवायचं आहे. त्यांना फक्त एवढं कळलं होतं, की या माणसाला माहीत नाही. “फोन काढ,” ते म्हणाले. “वाच. मोठ्यानं वाच.”

त्यानं वाचलं. पहिला निरोप सुट्टीचा. त्याखालचा सहा वीसचा, रात्रपाळीच्या फिटरचा. “तीन नंबरचा सुरक्षा पडदा बंद पडला आहे. दुरुस्त होईपर्यंत मशीन चालवू नये.”

प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा एक न दिसणारा पडदा असतो. हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. तो पडदा बंद होता आणि प्रेस चालू होती. पत्रा सरकवायला हात आत घालायची सवय प्रत्येक ऑपरेटरला असते, कारण पडदा आहे हे त्याला ठाऊक असतं. आमचा माणूस वाचून झाल्यावर बराच वेळ आपल्या हातमोज्यांकडे बघत होता. मग त्यानं ते काढून ठेवले.

मशीन कुणी चालू करू नये म्हणून घालायचं कुलूप फिटरनं का घातलं नाही? नंतर तो म्हणाला, “निरोपाला चौसष्ट अंगठे आले होते सर. मला वाटलं सगळ्यांना कळलंय. कुलूप स्टोअरमधून आणायला जायचं तर बस सुटत होती.” तो खोटं बोलत नव्हता. चौसष्ट अंगठे खरोखर आले होते. त्यांत माझा एक होता. मीही तो निरोप पहिल्यांदा ऐकला तो ऑपरेटरच्या तोंडून.

ओळ नऊ मिनिटं बंद राहिली. आणि सोमवारच्या बैठकीत काय झालं? त्या नऊ मिनिटांबद्दल आबांना लेखी ताकीद! निरोपाकडे दुर्लक्ष केल्याबद्दल ऑपरेटरला दुसरी. मोठ्या साहेबांनी पडद्यावर आकडा दाखवला. तीन नंबरच्या पहिल्या शिफ्टचा त्या निरोपाला प्रतिसाद, शंभर टक्के.

“मग त्यानं मशीन का चालू केली?” आबांनी विचारलं.

“तो त्या व्यक्तीचा प्रश्न आहे आबा. सिस्टिमचा नाही.”

हात गेला असता तर चौकशी झाली असती, सरकारी माणसं आली असती, बसमधलं खोकं चौकशीच्या टेबलावर आलं असतं. हात शाबूत राहिला, म्हणून पुरावा राहिला नाही. जो माणूस आपलं काम इतकं नीट करतो की काहीच घडत नाही, त्याच्या नावावर फक्त नऊ मिनिटं लागतात.

मी त्या बैठकीत होतो. ‘साहेब, हे शंभर टक्के खोटे आहेत, बसमध्ये एकच माणूस सगळ्यांचे अंगठे देतो.’ एवढं एक वाक्य. मी ते मनात जुळवलं, शब्द मोजले, आणि तोंड मिटून बसलो. कारण पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला कसं माहीत?

दोन महिन्यांनी आबांचे अठ्ठावन्न पूर्ण होत होते. देखभालीतल्या जाणत्या माणसाला दोन वर्षं वाढवून द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. आबांनी हातानं अर्ज लिहिला. मोठ्या प्रेसा दोन येणार आहेत, त्यांच्या खोडी कळून पोरांना शिकवेपर्यंत राहू द्यावं, मग जातो. आयुष्यात त्यांनी कंपनीकडे मागितलेली ही बहुधा एकच गोष्ट. त्यासाठी मूल्यमापन झालं. तक्ता माझा. शंभर गुण, उत्तीर्ण व्हायला सत्तर, त्यांतले पंधरा नव्यानं घातलेल्या ‘डिजिटल सहभाग’ या निकषाला.

आबांना अडुसष्ट मिळाले. पंधरापैकी शून्य. म्हणजे उरलेल्या पंच्याऐंशीपैकी अडुसष्ट, बरोबर ऐंशी टक्के. ज्या कामासाठी माणूस ठेवायचा त्या कामात ऐंशी टक्के, आणि अंगठा दिला नाही म्हणून दोन गुणांनी नापास! बसमध्ये घोरत आलेल्या माणसांना त्याच निकषात पंधरापैकी पंधरा होते. मलाही. खाली मी सही केली, ‘आकडे तपासले.’

निरोप समारंभात शाल, नारळ, मोठ्या साहेबांचं भाषण. ग्रुपवर फोटो, त्याला एकशे अठ्ठ्याऐंशी अंगठे. आबांना दोन शब्द बोला म्हटलं. ते उठून म्हणाले, “दोन नंबरच्या प्रेसचा आवाज बदललाय. बेरिंग बघा.” आणि थांबले. “कोन परत सांगंल?”

लोकांना वाटलं, शेवटचा विनोद. टाळ्या पडल्या. नवे देखभाल प्रमुखही टाळ्या वाजवत होते. आबा उभेच. शेवटी मागून तो लातूरकडचा ऑपरेटर उठला. “दोन नंबरचा आवाज बदललाय. बेरिंग बगायचं.”

“बरोबर,” म्हणून आबा बसले. अकरा दिवसांनी ते बेअरिंग गेलं.

तर, ‘यशस्वी अनुभवाच्या आधारे’. सोमवार, मंगळवार, बुधवार मी त्या फॉर्ममध्ये एकही गुण भरू शकलो नाही. गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, उठलो आणि आबांच्या गावी गेलो.

त्यांनी शेताच्या कडेला कामगारांसाठी सहा खोल्या काढल्या आहेत. एका भाडेकरूचं मनगट धरून ते उभे होते. “पानी सहा ते सात. साडेसातला मोटार चालू करायची न्हाई. परत सांग.” त्यानं सांगितलं, तो सुटला. मला पाहून आबांनी ओट्यावर गोणपाट टाकलं.

मी इकडचं तिकडचं न बोलता सांगून टाकलं. खोकं, सदतीस फोन, चार वेळा चार, माझी सही, बैठकीत न बोललेलं वाक्य, पंधरा गुण. बोलताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझं झालं. मग ते एकेक बोट दुमडत, दवंडीच्या माणसासारखं सावकाश म्हणाले,

“तू त्या बशीत हुतास. तुजा फोन खोक्यात हुता. अंगठं खोटं हायेत हे तुला ठावं हुतं. बैठकीत तू बोलला न्हाईस. माज्या कागदाव तू सही केली.” पाचही बोटं मिटली होती. “बरोबर?”

आपण सांगितलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं काय असतं ते मला बावन्नाव्या वर्षी कळलं. मी सांगताना त्यात कारणं होती, परिस्थिती होती. त्यांनी परत सांगितलं त्यात काहीच नव्हतं.

“बरोबर,” मी म्हणालो.

“समजलं.”

असू दे म्हणाले नाहीत, रागावलेही नाहीत. आत जाऊन चहा सांगून आले. मग विचारलं, “आता काय करनार?”

“साहेबांना सगळं लेखी कळवावं म्हणतो. जमलं तर या फॉर्मबरोबरच.”

“परत सांग.”

“लेखी कळवतो.”

“कवा?”

“उद्या.”

“परत.”

“उद्या लेखी कळवतो, आबा.”

“बरोबर. च्या घे.”

शुक्रवारी सकाळी मी खोक्यात फोन टाकला नाही. कचेरीत पोचल्यावर दोन पानी पत्र लिहिलं. दुसऱ्या महिन्यापासूनचे प्रतिसादाचे आकडे खोटे आहेत, कसे खोटे आहेत, त्यांत माझा भाग किती. त्या आकड्यांवर दिलेल्या दोन्ही ताकिदी मागे घ्याव्यात. आबांचं मूल्यमापन चुकीचं आहे, ते दुरुस्त करून त्यांना सन्मानानं परत बोलवावं. नव्या ॲपसाठी गुण देण्याआधी दहा माणसांना विचारण्याची बारावी ओळ तक्त्यात घालावी. ती ओळ घालेपर्यंत मी कशावरही ‘आकडे तपासले’ लिहिणार नाही. साहेबांना लेखी काही द्यायचं तर ॲपवरूनच द्यायचा नियम आहे, म्हणून तिथंच पाठवलं.

पत्र सहाशे चाळीस शब्दांचं होतं. आठ सेकंदांत मोठ्या साहेबांचा अंगठा आला.

मी त्या अंगठ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग फोन टेबलाच्या खणात ठेवला, खण लावला, आणि उठून त्यांच्या केबिनचं दार वाजवलं. ते मान वर न करता म्हणाले, “हां, बघितलं तुमचं. ओके आहे.”

मी आत गेलो, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, “साहेब, मी काय लिहिलंय, ते जरा परत सांगा.”